सुतळीवरची दहा वर्षं

माझी नोकरी कायम होणार, की मी उन्हाळ्यात बार्शीच्या एका बिजवराच्या घरी लग्न होऊन जाणार, हे एका पाठावर ठरणार होतं.

द्वैभाषिक राज्य होऊन तेव्हा दोन-अडीच वर्षं झाली होती. आमचा उस्मानाबाद जिल्हा मुंबईच्या कारभाराखाली आला आणि माझं सर्टिफिकेट एकाएकी मुकं झालं. मी शिकले निजामाच्या अमदानीत, उर्दूतून. नव्या कचेरीतल्या कारकुनांना उर्दू वाचता येत नव्हतं, आणि जो कागद वाचता येत नाही त्याच्यावर माणसाचा विश्वास बसत नाही. त्यामुळे तेव्हापासून मी हंगामीच होते. शेवटी असं ठरलं की तपासनीस साहेबांनी येऊन माझा एक पाठ बघावा, शेरा लिहावा, आणि त्या शेऱ्यावर मला कायम करावं नाहीतर घरी पाठवावं.

घर म्हणजे तुळजापूरला दादाचं. दादा तहसिलीत कारकून होता. वडील गेल्यावर सगळं त्याच्यावर पडलं होतं. माणूस वाईट नव्हता, पण पंचवीस वर्षांची बिनलग्नाची बहीण खेड्यात खोली घेऊन एकटी राहते, हे त्याला कचेरीत रोज कोणी ना कोणी ऐकवायचं. दिवाळीत त्यानं मला समोर बसवलं. म्हणाला, "यंदा कायम झालीस तर मी तुझ्या लग्नाचा विषय पुन्हा काढणार नाही. नाही झालीस तर बार्शीचं स्थळ. कबूल?" बार्शीच्या स्थळाला दोन मुलं होती आणि दम्याचा विकार होता. मी कबूल म्हटलं. माझा स्वभाव असा की पैज लागली की मला भूक लागते.

शाळा होती तामलवाडीपासून दीड कोसावर, अगदी हद्दीला. ओढ्याच्या अलीकडं आमचा जिल्हा, पलीकडं सोलापूर. आता दोन्हीकडं एकच राज्य होतं, पण दहा-अकरा वर्षांमागं ओढ्यावर नाका होता. अलीकडं मोगलाई, म्हणजे निजामाचं राज्य, पलीकडं इंग्रजी मुलूख. नाणं वेगळं, वजनं वेगळी, सालसुद्धा वेगळं. आमच्याकडं फसली सन चालायचा. त्यात पाचशे नव्वद मिळवले की इंग्रजी सन येतो. गावातल्या निम्म्या सासुरवाशिणी पलीकडून आलेल्या आणि निम्म्या लेकी पलीकडं दिलेल्या, त्यामुळे नाक्याला कोणी फारसं मनावर घेत नसे. तरी देश दोनच होते.

पाठाचा विषय नव्या अभ्यासक्रमानं नेमून दिला होता. दोन शेजारी देश, त्यांची शंभर वर्षांतली वाटचाल, आणि तुलना. पुस्तकात चीन आणि जपान होते. माझ्या सातवीतल्या बावीस पोरापोरींपैकी सोलापूर पाहिलेली सहा होती. मी ठरवलं, चीन-जपान राहू देत, आपण ओढ्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा देश घेऊ. आमचं गाव आणि समोरचं गाव.

हेडमास्तर घाबरले. ते जुन्या काळचे, हेडमास्तराला सदर मुदर्रिस म्हणत तेव्हा लागलेले. निवृत्तीला थोडेच दिवस राहिले होते आणि ते त्यांना सुखरूप पार पाडायचे होते. म्हणाले, "बाई, साहेब पुण्याकडचे आहेत. त्यांच्यापुढं मोगलाईचं नाव कशाला काढता? जपान बरा आहे. जपानचं कुणाला काही वाटत नाही."

मी म्हटलं, "सर, जपानबद्दल मला स्वतःलाच काही वाटत नाही. मग मी शिकवू काय?"

त्यांनी हात जोडले.

कामाची रीत मी माझ्या डोक्यानं काढली. गावातल्या दोरखंड वळणाऱ्या म्हाताऱ्याकडून दोन सुतळ्या आणल्या आणि वर्गाच्या लांब भिंतीवर एकीखाली एक ताणून बांधल्या. वरची इंग्रजी मुलखाची, खालची मोगलाईची. माझी एक वीत म्हणजे दहा वर्षं. दर विती​वर गाठ मारली. अकरा वितींत शंभर-एकशे दहा वर्षांचा इतिहास मावला, आणि भिंतही पुरली. मग चिंध्या. रस्ता लाल, शाळा पांढरी, पिण्याच्या पाण्याची विहीर हिरवी, दवाखाना पिवळा, टपाल निळं, आणि दुष्काळ किंवा रोगराई काळी. पोरांनी घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांना विचारायचं, साल लिहून आणायचं, आणि ज्या त्या जागी चिंधी बांधायची. ज्यांच्या आत्या-मावश्या पलीकडं होत्या त्यांनी पलीकडची सालं आणायची.

आठवडाभर गावात दुसरा विषय नव्हता. म्हाताऱ्यांना इतक्या वर्षांत कोणी काही विचारलं नव्हतं, त्यामुळे साल विचारायला गेलेली पोरगी दोन तासांनी भुईमुगाच्या शेंगांनी ओटा भरून परत यायची. कागदावर पूर्ण फसली सन असला तर मी त्यात पाचशे नव्वद मिळवून देत होते. तोंडी सांगितलेलं साल पोरं तसंच बांधत होती.

सुतळ्या भरत गेल्या आणि मला एकीकडं वाईट वाटत होतं, एकीकडं बरंही. वरच्या सुतळीवर लाल, पांढरी, पिवळी चिंधी लवकर लागलेली. सोलापूर जवळ, गिरण्या, रेल्वे, त्यांच्याकडं सगळं आधी येणारच. आमची सुतळी मात्र कितीतरी विती ओसाड. आणि मग निजामाचं राज्य गेल्याबरोबर एकदम गर्दी. शाळा पन्नास साली. विहीर बावन्न साली. मग दवाखाना, टपाल, तामलवाडीच्या एसटीपर्यंतचा रस्ता; ही सालं सरकारी कागदांवरची. मला निजामाच्या राज्याचा मनापासून राग होता. त्या राज्यात आमच्यासाठी कोणी काडीही हलवली नाही असं मी सतत म्हणत आले होते, आणि आता तेच भिंतीवर दिसत होतं. आपल्याला जे खरं वाटायला हवं असतं ते समोर आलं की आपण त्याच्याकडं तिरक्या नजरेनं बघत नाही. मीही बघितलं नाही.

एक गोष्ट मात्र खटकली होती. मानमोडीची काळी चिंधी. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीला तो ताप आला आणि घरंच्या घरं बसली, हे दोन्ही गावांतले म्हातारे सांगत होते. वरच्या सुतळीवर ती चिंधी अठराला होती, खालच्या सुतळीवर अठ्ठावीसला. मी वर्गात हसून म्हटलं, "आपल्याकडं सगळंच उशिरा येतं, तापसुद्धा." पोरं हसली. मी स्वतःच्या विनोदावर खूश होऊन पुढं गेले, आणि आजही तो विनोद आठवला की मला स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

साहेब आले ते सकाळच्या एसटीनं, तामलवाडीला उतरून बैलगाडीतून. उंच, सडसडीत, कोटाच्या खिशाला दोन पेनं. बोलणं इतकं शुद्ध की हेडमास्तर त्यांच्याशी बोलताना प्रत्येक वाक्याआधी थांबायला लागले. वर्गात मागच्या बाकावर ते बसले. दाराशी गावातली चार माणसं उभी होती, त्यांना कोणी आत या म्हटलं नाही आणि कोणी जा म्हटलं नाही.

पाठ चांगला झाला. मी खोटी नम्रता दाखवत नाही, तो खरोखर चांगला झाला. पोरं उठत होती, चिंधीला हात लावून कोणी काय कधी आणलं ते सांगत होती. साहेब आधी घड्याळाकडं बघत होते, नंतर ते भिंतीकडं बघायला लागले. मग उठून सुतळ्यांपाशी आले. खालच्या सुतळीच्या टोकाशी जमलेल्या चिंध्यांवर त्यांनी पेन टेकवलं.

"वा," ते म्हणाले. "मुलांनो, बघा. निजामाच्या सबंध राजवटीत काय आहे? काही नाही. आणि आपलं राज्य आल्यावर किती वर्षांत किती कामं झाली. बाई, हे मी वर कळवणार आहे. प्रत्येक शाळेत अशी सुतळी असली पाहिजे."

हेडमास्तरांचा चेहरा उजळला. बार्शी शंभर कोस लांब गेली.

साहेब रंगात आले होते. म्हणाले, "आता एक गंमत करू. तुमच्या बाईंचा जन्म कधीचा? बांधा बरं त्यांचीही चिंधी."

पोरांना एवढंच हवं होतं. पुढच्या बाकावरची एक पोरगी हातात नारिंगी चिंधी घेऊन उभी राहिली. "बाई, कोणतं साल?"

माझी आई जे सांगायची ते माझ्या तोंडून गेलं. "त्रेचाळीस."

पोरगी टुणकन बाकावर चढली आणि चिंधी बांधून मोकळी झाली. साहेबांनी सुतळी बघितली, मग माझ्याकडं बघितलं. "म्हणजे बाई, तुम्ही पंधरा-सोळा वर्षांच्या?" सगळा वर्ग फुटला. दाराशी उभी असलेली माणसं हसली. मीही हसले. हसता हसता "अहो साहेब, ते फसली, तेराशे त्रेचाळीस" असं म्हणायला तोंड उघडलं आणि माझं हसू तिथंच थांबलं.

आई सालाचं शतक कधी सांगायची नाही. आमच्याकडं कोणीच सांगत नसे. त्रेचाळीस म्हणजे तेराशे त्रेचाळीस फसली, म्हणजे इंग्रजी तेहतीस. म्हाताऱ्यांनी शाळा पन्नास साली झाली म्हटलं, तेही तेराशे पन्नास. इंग्रजी चाळीस. विहीर बेचाळीस. मानमोडी अठरा, अगदी ओढ्यापलीकडच्यासारखी. तोंडी सांगितलेलं एकूण एक साल आम्ही दहा वर्षं पुढं नेऊन बांधलं होतं. शाळा निजाम गेल्यावर आलीच नव्हती. ज्या माळवदाच्या खोलीत मी उभी होते ती निजाम असतानाच बांधलेली होती.

वर्गात हसणं चालू होतं. हे माझ्याशिवाय कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. साहेब बाकावर जाऊन बसले, वही उघडली, पेनाचं टोपण काढलं. मला गप्प राहायचं होतं. हे मी स्पष्ट लिहिते, कारण पुढं जे केलं त्याचं कौतुक मला लोकांनी पुष्कळ सांगितलं. पण ती दोन मिनिटं मला खरंच गप्प राहायचं होतं. साहेबांना जे आवडलं होतं तेच चुकीचं होतं, आणि चूक सांगितली की शेरा जाणार, नोकरी जाणार, आणि दम्याचा माणूस माझी वाट बघत बसलेला.

माझी नजर दाराकडं गेली. तिथं उभ्या असलेल्यांत एक पांढऱ्या मिशांचा शेतकरी होता. आमच्या पोरांपैकी एकीचा आजा. शाळेसाठी दगड त्यानं आपल्या गाडीतून वाहिले असं त्या पोरीनं लिहून आणलं होतं, आणि मी ते वाचून ठेवून दिलं होतं. तो खालच्या सुतळीवरच्या पांढऱ्या चिंधीकडं बघत होता. त्याला वाचता येत नव्हतं. पण साहेब मघाशी काय बोलले ते त्यानं ऐकलं होतं, आणि तो काही म्हणाला नव्हता. माझा सगळा राग निजामावरून उठून माझ्यावर आला.

"साहेब," मी म्हटलं, "लिहू नका. पाठात चूक आहे."

मग मी सांगितलं. फसली, इंग्रजी, पाचशे नव्वद, आणि पुसलेलं शतक. हेडमास्तरांनी डोळे मिटून घेतले.

साहेबांचा आवाज थंड झाला. "बाई, म्हणजे निजामाच्या राज्यात इथे प्रगती झाली, असं तुम्ही मुलांना शिकवणार?"

"निजामानं काही केलं नाही, साहेब. शाळा गावानं बांधली. सुतळीवर कधी केलं ते दिसतं, कोणी केलं ते दिसत नाही. ती माझी दुसरी चूक."

"पुरावा काय? म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी?"

मी काळ्या चिंधीला हात लावला. "मानमोडी पलीकडच्या गावात अठरा साली आली. आमच्यात अठ्ठावीसला. मधे ओढा आहे, त्याला उन्हाळ्यात पाणी नसतं. साथ तो ओढा ओलांडायला दहा वर्षं घेईल का?"

ते उठून पुन्हा भिंतीपाशी आले. दोन्ही काळ्या चिंध्यांकडं बराच वेळ बघत राहिले. मग दाराकडं वळून त्या म्हाताऱ्याला म्हणाले, "तुम्ही इथलेच? ही शाळा कधी बांधली?"

"साल न्हाय ठावं, साहेब," म्हातारा म्हणाला. "माझ्या थोरल्याला तवा नुकतं मिसरूड फुटत व्हतं. परवानगी न्हवती. तहसीलदाराचा माणूस आला की आमी म्हणायचो, कडब्याची खोली हाय. आत पोरं पाढे म्हणायची. आता त्याच थोरल्याची पोरगी ही, इथं बसलीय."

"आणि पैसा, सामान?"

"सामान कसलं, साहेब. दगड वढ्यातलं, माती रानातली, अन् बाया आल्या व्हत्या माळवद घालाया. लई माणूस आलं व्हतं. समद्या गावाचं हात लागल्यात हितं."

मी पोरांना म्हटलं, "चला. तोंडी सालाच्या सगळ्या चिंध्या सोडा, आणि एक वीत मागं न्या."

बावीस पोरं भिंतीवर तुटून पडली. बाकं सरकली, गाठी दातांनी सोडल्या गेल्या, एकमेकांच्या खांद्यावर चढून चिंध्या मागं मागं जाऊ लागल्या. दाराशी उभी असलेली माणसंही आत आली. मानमोडी मानमोडीच्या खाली आली. हिरवी विहीर मागं गेली. पांढरी चिंधी म्हाताऱ्याच्या नातीनं स्वतः नेली, निजाम गेला त्या गाठीच्या बऱ्याच मागं, आणि इतकी घट्ट बांधली की पुढं दोन वर्षं ती कोणाला सुटली नाही. सगळं झालं तेव्हा आमची सुतळी ओसाड राहिली नव्हती. वरच्या सुतळीपेक्षा मागंच होती, हे खरं. त्यांची शाळा आमच्याआधी वीस-पंचवीस वर्षांची. पण वर सगळं सरकारी होतं आणि एकदा देऊन झाल्यावर पुढच्या विती रिकाम्या होत्या. खाली आधी गावानं हातानं केलेलं होतं, आणि निजाम गेल्यावरचा दवाखाना, टपाल आणि रस्ता एकाच वितीत येऊन बसले होते.

"मग सांगा," साहेब वर्गाला म्हणाले, "कोणता देश पुढं?"

मग मागच्या रांगेतला एक पोरगा, जो वर्षभरात तोंड उघडत नसे, उभा राहिला. "साहेब, पलीकडचा पुढं हाय. पण आमी बी बसून न्हवतो."

साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. चहा घेतला नाही. गाडीत बसताना त्यांनी मला नमस्कार केला एवढंच. हेडमास्तर संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत, आणि बोलले ते एवढंच, "जपान घेतला असता तर." मी खोलीवर येऊन ट्रंक काढून ठेवली. रडले नाही. मला भीती वाटत होती आणि त्याचबरोबर इतका आनंद होत होता की जेवण गेलं नाही. असं दोन्ही एकाच दिवशी वाटू शकतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

पंधरवड्यानं दादा मला न्यायला आला. बार्शीकडची मंडळी बघायला येणार होती. तो शाळेच्या आवारात उभा होता, हातात पिशवी, तोंडावर अवघडलेपण. त्याच दिवशी टपालात उस्मानाबादहून लखोटा आला होता. हेडमास्तरांनी तो वाचला, पुन्हा वाचला, आणि मला न देता दादाच्या हातात दिला. कुटुंबातला कर्ता पुरुष समोर असताना कागद त्याच्याकडं जायचा, ही त्यांची पद्धत.

दादा उभ्यानं वाचायला लागला. साहेबांचा शेरा त्यात उतरवून काढला होता. पहिल्याच ओळीवर तो थांबला. माझ्याकडं बघून हळू आवाजात म्हणाला, "पाठात गंभीर चूक झाली, असं लिहिलंय."

"पुढचं वाच, दादा."

त्यानं वाचलं. "ती चूक तपासणाऱ्याच्या ध्यानात आली नव्हती. बाईंनी ती स्वतः दाखवली आणि सर्वांसमोर दुरुस्त केली. अशा शिक्षिकेला हंगामी ठेवणे योग्य नाही. कायम करावे."

त्यानं कागद घडी करून मला दिला. मग माझ्या दादानं, जो कचेरीत माझं नाव निघालं की मान खाली घालायचा, हेडमास्तरांकडं वळून विचारलं की परतीची एसटी किती वाजता आहे आणि तोवर वर्गात मागं बसता येईल का. "हिला शिकवताना मी कधी बघितलंच नाही," तो म्हणाला. हेडमास्तरांनी त्याला साहेबांच्या बाकावर बसवलं. मी फळा पुसला आणि तास सुरू केला.